एका गळ्यात खार, चेटकीण आणि आजी

गळ्याच्या पुढच्या बाजूला बोट टेकवा आणि आवंढा गिळा. बोटाखाली जे टणक लागतंय (हाड नव्हे, कूर्चा आहे ती) ते वर सरकून पुन्हा खाली येईल. आता पुन्हा गिळा, पण ते वर गेलं की तिथेच थोपवून धरा आणि तशातच 'मला भूक लागलीय' म्हणून बघा. पहिल्या खेपेला खोकला येतो. मला तरी आला. पाच-सहा वेळा नेट लावला की एखादं वाक्य निसटतं, आणि ते आपलं राहिलेलं नसतं. कुणीतरी किरकिरं पोर बोललंय असं वाटतं. स्वयंपाकघरातून कुणी डोकावून बघितलं तर प्रयोग जमला म्हणायचा.

गळ्याच्या अशा कसरतींवर अमेरिकेतल्या एका बाईंनी ऐंशीहून अधिक वर्षं काम केलं. त्यांचं नाव जून फोरे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी १८ सप्टेंबर १९१७ रोजी त्यांचा जन्म झाला आणि २६ जुलै २०१७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्या गेल्या. शंभरी दोन महिन्यांनी हुकली. लहानपणी नाचात रस होता, पण न्यूमोनिया झाला आणि नाच सुटला. बाराव्या वर्षी गावच्या रेडिओवर नाटुकल्यात पहिला आवाज दिला. सतराव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं आणि तिथे त्या रेडिओच्याच होऊन राहिल्या. अंगाने लहानखुऱ्या, उंची जेमतेम पाच फूट. रेडिओवर उंची कुणाला दिसणार, असं आपण म्हणू. पण ती ऐकू मात्र येते. ते कसं, याच्यातच सगळी गंमत आहे.

फोरेबाईंचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे रॉकी. ही वैमानिकाची टोपी आणि गॉगल घालणारी उडती खार. बुलविंकल नावाच्या बावळट मूसबरोबर (सांबरासारखं थोराड जनावर) तिची जोडी १९ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकन टीव्हीवर आली. निर्माते जे वॉर्ड. त्याच मालिकेत नताशा नावाची एक गुप्तहेर होती: उंच, सडपातळ, काळ्या केसांची, पूर्व युरोपी वळणाचं इंग्रजी घोळवून बोलणारी. रॉकीही फोरेबाई आणि नताशाही फोरेबाईच. एका प्रसंगात खार भाबडेपणाने काहीतरी विचारते आणि पुढच्याच क्षणी ती हेर दारूच्या पेल्यासारखा खर्जातला आवाज लावते. ऐकणाऱ्याला वाटतं, स्टुडिओत दोन बायका आहेत. (बाईंचे वडील पूर्व युरोपातल्या ओडेसाहून आलेले. नताशाच्या उच्चारांसाठी कान फार लांब न्यावा लागला नसेल, असा माझा आपला तर्क.)

'आवाज बारीक केला' असं आपण म्हणतो तेव्हा मनात असतो सूर. पेटीवर डावीकडून उजवीकडे बोट सरकवलं की झालं बारीक, अशी कल्पना. ती अर्धीच बरोबर आहे. सर्वसाधारण बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १२० वेळा एकमेकांवर आपटतात, बाईचे सुमारे २०० वेळा, आणि लहान मुलाचे अडीचशे ते तीनशे वेळा, म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या आसपास. मग बाईने पांढरी एकवर बोलायला सुरुवात केली की ती मूल व्हायला हवी. होत नाही. तार सप्तकाच्या षड्जावर उभी असलेली गायिका त्याच्या कितीतरी वर असते, पण डोळे मिटून ऐकणाऱ्या कुणालाही ती आठ वर्षांची वाटत नाही. ती उंच सुरात गाणारी मोठी बाईच वाटते.

राहिलेली अर्धी गोष्ट नळीत आहे. सनईची पत्ती नुसती काढून ओठांत धरून फुंकली तर जत्रेतल्या पिपाणीसारखा केविलवाणा आवाज निघतो. त्याला सनईपण देते ती खालची लाकडी नळी. माणसाचंही तसंच आहे. स्वरतंतू ही पत्ती, आणि तिथून ओठांपर्यंतचा घसा-तोंडाचा मार्ग ही नळी. स्वरतंतूंतून निघणाऱ्या गजबजाटातल्या काही कंपनसंख्यांना ही नळी उचलून धरते, बाकीच्यांना दाबते. कुठल्यांना उचलायचं हे तिच्या लांबीवर आणि आकारावर ठरतं.

हिशेब सोपा आहे. आपला 'अ' म्हणताना ही नळी साधारण सरळसोट असते, स्वरतंतूंकडे बंद आणि ओठांकडे उघडी. अशा नळीचा पहिला अनुनाद, म्हणजे ती उचलून धरते त्यातली सगळ्यात खालची कंपनसंख्या, निघतो ध्वनीचा वेग भागिले लांबीची चौपट असा. पुरुषाची नळी १७ सेंटिमीटरची धरली आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, तर उत्तर येतं ५०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनं. बाईची १४ सेंटिमीटरची नळी सुमारे ६०० देते. लहान मुलाची ११ सेंटिमीटरची असेल तर ७७० च्या पुढे. सूर कुठलाही असो, हे आकडे नळीबरोबर राहतात. आपला मेंदू हे आकडे जन्मभर ऐकत आलेला असतो आणि त्यावरून समोरच्याच्या अंगाचं माप काढतो, तेही आपल्याला न विचारता. फोनवर अनोळखी माणूस बोलला तरी 'हा पोरगेलासा आहे' हे कळतं ते यामुळे.

आता पहिल्या परिच्छेदातला आवंढा आठवा. कूर्चा वर सरकली म्हणजे स्वरयंत्र वर आलं, म्हणजे नळी खालून तोकडी झाली. त्यात ओठ 'ई' म्हणताना ताणतो तसे ताणले की ती वरूनही तोकडी होते. १४ ची साडेबारा झाली तर ६०० चे ६८० होतात, आणि मेंदूला वाटतं समोरचं माणूस आकसलंय. उलट 'ऊ' म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि स्वरयंत्र खाली उतरतं, नळी लांबते. खार आणि हेर यांच्यातलं अंतर सुराइतकंच या लांबीतही आहे. जनावरांतही हे चालतं. विणीच्या हंगामात युरोपातला तांबडा हरणनर डरकाळी देताना स्वरयंत्र छातीच्या हाडापर्यंत खाली ओढतो. नळी लांब, आवाज भरदार, आणि पलीकडच्या टेकडीवरच्या प्रतिस्पर्ध्याला तो आहे त्यापेक्षा थोर वाटतो. हरणाला मोठं व्हायचं असतं, फोरेबाईंना लहान.

यंत्रानेही हे करता येतं. १९५८ साली अमेरिकेत तीन चिपमंकांचं (म्हणजे छोट्या पट्टेरी खारींचं) नाताळचं गाणं तुफान गाजलं. त्यात गायकाने संथ गाऊन टेप मुद्रित केली आणि ती दुप्पट वेगाने वाजवली. सूर दुप्पट, अनुनादही दुप्पट. म्हणजे नळी अर्धी झाल्याचा भास, जो जिवंत माणसाला गळ्याने शक्य नाही. म्हणून ते आवाज गोड असले तरी माणसाचे वाटत नाहीत. हेलियम ओढून बोलण्याच्या पार्टीतल्या खेळात आणखी वेगळं घडतं. हेलियममध्ये ध्वनी जवळजवळ तिप्पट वेगाने धावतो, त्यामुळे अनुनाद वर उडी मारतात. स्वरतंतू मात्र आपल्याच गतीने आपटत राहतात. सूर फारसा हललेला नसतो, तरी सगळे 'बारीक आवाज झाला' म्हणून हसतात. (हेलियम ओढण्याच्या नादाने गुदमरून माणसं मेली आहेत, आवंढ्याचा प्रयोग पुरे.)

कार्टूनमधल्या मुलग्यांना बायका आवाज का देतात, याचंही उत्तर इथेच आहे. मुलगा वयात आला की त्याचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, कंठमणी पुढे येतो, आणि दोन-तीन हंगामांत निर्मात्याच्या हातचा आवाज फुटून जातो. बाईचं तसं होत नाही. म्हणून दहा वर्षांचा बार्ट सिम्पसन १९८७ पासून नॅन्सी कार्टराइट यांच्या गळ्यात मुक्कामाला आहे आणि अजून दहाचाच आहे.

फोरेबाईंच्या चेटकिणीकडे यायलाच हवं, कारण तिथलं भौतिकशास्त्र मला सगळ्यात आवडतं. १९५२ साली डिस्नेच्या एका लघुपटात हेझल नावाच्या चेटकिणीला त्यांनी आवाज दिला. वॉर्नर ब्रदर्समध्ये बसलेल्या चक जोन्स या दिग्दर्शकाला तो इतका भावला की त्याने आपल्याकडे हेझल नावाचीच चेटकीण आणली आणि पुढे तिच्यासाठी याच बाईंना बोलावलं. दोन हाडवैरी स्टुडिओ, एकच नाव, एकच गळा. आज वकिलांची फौज उभी राहिली असती.

चेटकिणीचं खिदळणं मोठं नसतं, टोचरं असतं. स्वरतंतूंच्या अगदी वर नळीचा जो सुरुवातीचा भाग असतो तो आवळला की तीन हजार हर्ट्झच्या आसपासची कंपनं एकदम उसळून येतात. बदकाची नक्कल करताना आपण नकळत हेच करतो. आता या ध्वनीची गाठ पडते ती ऐकणाऱ्याच्या कानाशी. कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतचा बोगदा सुमारे अडीच सेंटिमीटरचा, एका टोकाला उघडा, दुसऱ्या टोकाला बंद. तेच सूत्र लावा: ३४० भागिले चार गुणिले ०.०२५, उत्तर ३४०० हर्ट्झ. म्हणजे चेटकीण जिथे आवाज ठासून भरते नेमका तिथेच आपला कान आपणहून तो वाढवून घेतो. तान्ह्या बाळाचा टाहो तीन खोल्या ओलांडून येतो तोही याच वाटेने. ज्यांच्या घरी ते आहे त्यांना सूत्राची गरज नाही.

ट्वीटी-सिल्व्हेस्टरच्या कार्टूनमधली आजी त्यांनी १९५० च्या दशकात, स्वतः चाळिशीच्या आत-बाहेर असताना सुरू केली. म्हातारपणाचा आवाज म्हणजे नुसता थरथरता आवाज नव्हे. वयाने स्वरतंतूंतला स्नायू झिजतो, त्यांच्या कडा धनुष्यासारख्या वाकतात, मिटले तरी मधे फट राहते आणि हवा वाया जाते. म्हणून आवाजात फुसफुस, मधेच तुटणं आणि श्वासासाठी लवकर थांबणं. हे सगळं धडधाकट गळ्याने मुद्दाम करायचं, आणि तरी विनोदाची वेळ चुकू द्यायची नाही. शिवाय समोर चित्र नाही. अमेरिकन कार्टूनमध्ये आवाज आधी मुद्रित होतो आणि चित्रकार त्यावर ओठ, भुवया आणि खांदे बसवतो. म्हणजे आजीची कंबर किती वाकली हेही आधी गळ्याने ठरवलेलं असतं.

त्यांचा एक आवाज तर खेळण्यांच्या दुकानात विकला गेला. १९६० च्या सुमारास मॅटेल कंपनीने बोलकी बाहुली काढली, चॅटी कॅथी. पाठीमागची दोरी ओढली की पोटातली स्प्रिंग गुंडाळली जायची, सोडली की इटुकली तबकडी फिरायची आणि सुई त्यावरची एखादी खाच पकडायची. कुठली खाच सापडेल ते नक्की नसे, त्यामुळे अकरा वाक्यांतलं कुठलं येईल याचा नेम नसायचा आणि बाहुली स्वतःच्या मनाने बोलतेय असं मुलींना वाटायचं. त्यातलं 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' फोरेबाईंचं. पुढे १९६३ मध्ये गूढकथांच्या एका टीव्ही मालिकेत अशीच एक बोलकी बाहुली सावत्र बापाला ठार मारायची धमकी देते. आवाजासाठी बोलावलं कुणाला, हे सांगायला नको. आवाजाने 'लहान, निरुपद्रवी' असं माप दिलं आहे आणि शब्द खुनाचे आहेत. मेंदूला दोन्ही एकदम पटत नाहीत, आणि त्या न पटण्यानेच अंगावर काटा येतो.

वॉर्नरच्या कार्टूनमध्ये पडद्यावर आवाजाचं श्रेय वर्षानुवर्षं एकट्या मेल ब्लँक या आवाजाच्या कलाकाराला मिळे, तसा त्यांचा करारच होता. फोरेबाईंचं नाव बहुतेकदा नसायचंच. त्यांना कुणी 'बायकांमधली मेल ब्लँक' म्हटलं की चक जोन्स उलटं सांगायचा: मेल ब्लँक हा पुरुषांमधली जून फोरे आहे. फोरेबाईंनी मात्र रुसून न बसता ॲनिमेशनसाठी १९७२ मध्ये ॲनी पुरस्कार सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाला स्वतंत्र ऑस्कर हवं म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २००१ च्या चित्रपटांपासून ते सुरू झालं. त्यांना स्वतःला एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं २०१२ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. गारफील्ड मांजराच्या मालिकेतल्या भूमिकेसाठी. पुन्हा चेटकीणच.

२०१४ मध्ये रॉकी-बुलविंकलचा एक छोटा नवा चित्रपट आला. खार अर्थातच त्याच, वय पंच्याण्णवच्या पुढे. पाळी गेल्यानंतर बाईचा सूर खाली उतरतो, उतारवयात स्वरयंत्राच्या कूर्चा हाडासारख्या कडक होतात, स्वरतंतूंचं वर सांगितलेलं सगळं होतं; म्हणजे पत्ती पार जुनी झालेली असते. ऐकलं की खरखर जाणवते, एखादा शब्द घासून येतो. पण नळी कुठे ठेवायची, ओठ किती ताणायचे, हे ज्या स्नायूंनी १९५९ पासून शिकून ठेवलंय त्यांना ते अजून पाठ आहे. पहिलं वाक्य संपायच्या आत ओळख पटते: टोपी, गॉगल आणि तीच खार.