जुनी गाडी पिकअप घेताना अडखळते? गॅरेजला आणण्याआधी हे वाचा

प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, कार्बोरेटरवाली मारुती ८००. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशीकडून या गाड्या आमच्या वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये येतात, तेव्हा बऱ्याच जणांची तक्रार एकच असते. सिग्नल सुटला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की इंजिन दम खातं, एक हबका बसतो आणि मग कुठे गाडी उचलते. पाठोपाठ सूचना येते: "कार्बोरेटर खोलून साफ करून द्या."

कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, आम्ही सगळ्यात शेवटी उघडतो. इग्निशनमधला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतला, दोष चालवणाऱ्याला हुबेहूब कार्बोरेटरच्या दोषासारखाच जाणवतो. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) खराब असताना कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले, की एका बिघाडाचे दोन होतात. शिवाय जुन्या सोलेक्स कार्बोरेटरचा पितळी जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) कोणी तारेने टोकरला, तर त्याचं भोक कायमचं मोठं होतं. मूळ कार्बोरेटर वाचवणं हे आमच्यासाठी कामाइतकंच महत्त्वाचं आहे.

तुमच्याकडून आम्हाला सगळ्यात आधी एकच गोष्ट हवी: गाडी नेमकी केव्हा अडखळते? पेडल एकदम दाबल्यावरच अडखळते आणि हळू दाबलं तर सरळ निघते, तर संशय अ‍ॅक्सिलरेटर पंपावर जातो. पाम बीच रोडला एका वेगात चालत असताना हळूहळू जीव जातो आणि पाय उचलल्यावर पुन्हा येतो, तर पेट्रोल पुरत नाही: फिल्टर, टाकीतला गंज किंवा गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (लवचीक पडदा) बघावा लागेल. घोडबंदरला गायमुखच्या चढावर, भार आला की मिसिंग मारते? मग स्पार्क कमजोर असण्याची शक्यता जास्त. मे महिन्यात माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तापल्यावर त्रास देते आणि थंड झाली की शहाण्यासारखी चालते, तर पाइपात पेट्रोलची वाफ होत असावी. आणि फक्त पावसाळी सकाळीच त्रास असेल, तर डेल्कोच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) कॅपमध्ये किंवा प्लगच्या वायरींवर ओल धरली असेल. हे सगळं कागदावर लिहून आणलंत, तर आमचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमची मजुरीही.

अ‍ॅक्सिलरेटर पंपाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पेडल एकदम दाबलं की थ्रॉटल (हवेची झडप) उघडतो आणि हवा लगेच आत घुसते. पेट्रोल हवेपेक्षा जड असल्यामुळे जेटमधून वर यायला मागे पडतं. तेवढ्या क्षणापुरतं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन हबकतं. ही उणीव भरायला कार्बोरेटरमध्येच एक छोटा पंप असतो. पेडलबरोबर तो पेट्रोलची एक पिचकारी थेट आत मारतो. त्याचा डायफ्राम कडक झाला, फाटला किंवा नळीत कचरा अडकला, की पिचकारी येत नाही. हे घरीही बघता येतं. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असू द्या, आसपास सिगारेट किंवा दिवा नको. एअर फिल्टर काढा, टॉर्चने कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटलची लिंक हाताने ओढा. पेट्रोलची स्वच्छ धार लगेच दिसली पाहिजे. नुसते थेंब पडले किंवा काहीच आलं नाही, तर दोष सापडला. मात्र सारखं ओढत बसू नका, इंजिनात पेट्रोल साचतं.

चालवताना करायची आणखी एक सोपी तपासणी आहे. गरम इंजिनवर, मोकळ्या रस्त्यावर, चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) किंचित ओढून बघा. अडखळणं कमी झालं तर मिश्रण पातळ आहे: कुठून तरी जादा हवा शिरतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. वाढलं, तर आम्ही इग्निशनकडे वळतो. जादा हवा बहुधा कार्बोरेटरखालच्या पॅकिंगमधून किंवा मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून शिरते. नट जास्त आवळल्याने कार्बोरेटरचा तळ वाकतो आणि मग नवीन पॅकिंगही धरत नाही. गरम इंजिनवर स्प्रे मारून ही गळती शोधायचे व्हिडिओ फिरत असतात. कृपया तसं करू नका. त्याने आग लागू शकते.

इग्निशनमध्ये आम्ही पॉइंटपासून सुरुवात करतो. गॅप मॉडेलप्रमाणे ०.४ मिमीच्या आसपास असावा लागतो. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं आणि पिकअप सुस्त होतो. म्हणून गॅप लावल्यावरच टायमिंग लावायचं, उलट नाही. पॉइंट लवकर जळत असतील तर त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर बदलावा. डेल्कोला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनावरच्या भाराप्रमाणे टायमिंग पुढे-मागे करणारा भाग) असेल, तर त्याचा डायफ्राम फाटलाय का हेही बघतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो, त्यामुळे नेहमी सुटतो. काही जण पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट मागतात. आम्ही बसवतो, पण जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा. किट बंद पडलं तर ते रस्त्यात दुरुस्त होत नाही.

आता पेट्रोलबद्दल. पंपांवर सध्या २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. आधीच काठावर असलेली गाडी त्याने अडखळायला लागते. जुने रबरी पाइप आणि डायफ्राम त्यात फुगतात किंवा तडकतात, आणि तो कचरा जेटमध्ये जातो. इथेनॉल पाणीही ओढतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत तळाला पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन बसतं. त्यामुळे इथेनॉलला टिकणारे पाइप एकदा सगळे बदलून घ्या. हा खर्च आम्ही प्रत्येकाला आवर्जून सुचवतो.

सुट्या भागांसाठी थोडा वेळ धरून चला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. या टॅक्सी होत्या तोवर त्यांचा माल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळायचा, आता शोधावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकली डायफ्रामपेक्षा आठवडाभर थांबणं आम्ही पसंत करतो.

गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. सकाळी थंड इंजिन आम्हालाच सुरू करू द्या. तुम्ही चालवत आणलीत तर थंडपणीचा दोष दिसत नाही. टाकीत पाव टाकी तरी पेट्रोल असू द्या आणि मागच्या दुरुस्तीची बिलं असतील तर सोबत द्या. बदललेला प्रत्येक जुना भाग आम्ही पिशवीत घालून तुम्हाला परत देतो.