सिबिल अहवालातील चुकीची नोंद दुरुस्त कशी करून घ्यावी: सीमाभागातील कर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि तक्रारीची रीत

‘तुमचं सिबिल खराब आहे’ असे बँकेत ऐकायला मिळाले तर आधी विचारा, अहवाल कोणत्या कंपनीचा पाहिला? रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली पत माहिती (कोणी कोणते कर्ज घेतले आणि कसे फेडले याची नोंद) ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. एकीकडची चूक दुसरीकडे नसेलही. महिला गटाचे किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज कधी घेतले असेल तर क्रिफ हाय मार्कचा अहवाल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या कंपन्या स्वतःहून काही लिहीत नाहीत आणि स्वतःहून काही खोडतही नाहीत. नोंद बँक किंवा फायनान्स कंपनी पाठवते आणि दुरुस्तीही तिनेच पाठवायची असते. नुसती ऑनलाइन तक्रार टाकून महिनाभर वाट पाहणाऱ्यांना ‘बँकेने माहिती बरोबर असल्याचे कळवले’ एवढेच उत्तर येते, ते यामुळेच. पुरावा बँकेच्या हातात आणि तक्रार दोन्हीकडे, अशी जोडी लावली तरच काम होते.

तक्रार कोण करू शकतो

ज्याच्या नावाचा अहवाल आहे तो कोणीही. कर्ज चालू असो वा फिटलेले, शुल्क नाही. पत माहिती कंपन्यांचा कायदा केंद्राचा, २००५ चा आहे. म्हणून निपाणीत राहून गडहिंग्लज किंवा कोल्हापूरच्या शाखेचे कर्ज घेतले असले, किंवा खानापूरचा माणूस गोव्यात नोकरी करत असला, तरी रीत तीच. राज्याची हद्द इथे आड येत नाही.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. संकेतस्थळावर पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल देऊन ओटीपीने तो उतरवता येतो. पैसे भरायच्या योजना तिथे मोठ्या अक्षरांत असतात आणि मोफत अहवालाचा दुवा शोधावा लागतो, शोधा, असतो. पेमेंट ॲपवर दिसणारा आकडा उपयोगाचा नाही. तक्रारीला पूर्ण अहवाल आणि त्यावरचा कंट्रोल नंबर (त्या अहवालाचा ओळख क्रमांक) लागतो.

अहवालात काय पाहायचे

३०० ते ९०० मधला गुण, म्हणजे स्कोअर, शेवटी पाहा. आधी नाव, जन्मतारीख, पॅन, मतदार कार्ड क्रमांक आणि पत्ते तपासा. पत्त्यात कुठे ‘बेळगाव’ आणि कुठे ‘बेळगावी’ दिसेल. इंग्रजी नाव नोव्हेंबर २०१४ पासून बदलले आहे, ती चूक धरू नका. पॅन किंवा जन्मतारीख मात्र एका अंकाने चुकली तरी गंभीर, कारण त्यावरच दुसऱ्याचे खाते तुमच्या अहवालात शिरते.

मग एकेक कर्जखाते. ते तुमचे आहे का, उघडल्याची आणि बंद झाल्याची तारीख, शिल्लक, थकीत रक्कम, आणि ३६ महिन्यांपर्यंतचा डीपीडीचा तक्ता. डीपीडी म्हणजे हप्ता किती दिवस थकला तो आकडा. ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ (स्टँडर्ड, म्हणजे नियमित खाते) चांगले. तीन फुल्या म्हणजे त्या महिन्याची माहिती आलीच नाही. ती थकबाकी नव्हे. ‘सेटल्ड’ (तडजोडीत कमी रकमेवर मिटवलेले) आणि ‘रिटन ऑफ’ (बँकेने बुडीत म्हणून धरलेले) हे शेरे सर्वात महाग पडतात. शेवटी चौकशांचा भाग, म्हणजे कर्जाच्या अर्जावरून कोणत्या संस्थेने तुमचा अहवाल मागवला त्या नोंदी. अर्जच केला नाही अशा संस्थेची चौकशी दिसली तर तिथे लगेच थांबून खोलात जा.

आपल्या भागात सारख्या सापडणाऱ्या चुका ठराविक आहेत. आधारवर नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलेले असते, पॅनवर मराठी वळणाने. ज्योतीच्या ‘टी’पुढे एकीकडे ‘एच’ असतो, दुसरीकडे नसतो. वडिलांचे नाव कुठे मधे, कुठे नुसते आद्याक्षर. एकाच गावात नाव-आडनाव जुळणारे चौघे असले आणि कर्ज पॅनऐवजी मतदार कार्डावर दिलेले असले, की एकाचे थकीत कर्ज दुसऱ्याच्या अंगावर येते.

दुसरी चूक बँकांच्या विलीनीकरणातली. विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात, कॉर्पोरेशन बँक त्याच वर्षी युनियन बँकेत गेली. धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून नव्या कर्नाटक ग्रामीण बँकेत सामावली. अशा वेळी जुना आणि नवा खाते क्रमांक दोन्ही उघडे दिसू शकतात, म्हणजे एक कर्ज दोनदा. पीककर्जाच्या दरवर्षीच्या नूतनीकरणात आणि सोन्यावरचे कर्ज ‘नवं-जुनं’ करताना असेच होते: जुने खाते पासबुकात बंद, अहवालात उघडे. कर्नाटक सरकारच्या २०१८ च्या कर्जमाफीत बसलेल्यांनी ते खाते आवर्जून पाहावे.

ज्याला चूक म्हणता येत नाही

ऊसबिल कारखान्याकडून उशिरा आले म्हणून पीककर्ज थकले, तर कारण खरे, पण थकबाकीही खरीच. ती काढून मिळत नाही. तडजोडीत रक्कम कमी करून घेतली असेल तर ‘सेटल्ड’ हा शेरा बरोबर आहे. तो बदलायचा तर सोडलेली रक्कम भरून, पूर्ण वसुलीचे पत्र घेऊनच बदलतो.

आणि जामीन. सहकारी बँकेत मित्राच्या, मेव्हण्याच्या कर्जाला सही केली की ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही येते, थकले तर थकबाकीसकट. ‘मी पैसेच घेतले नाहीत’ ही तक्रार इथे टिकत नाही. सही तुमची नसेल तरच ती चालते.

पतसंस्था, सौहार्द सहकारी (कर्नाटकातील सौहार्द कायद्याखालच्या सहकारी संस्था) आणि गावच्या पीकेपीएसचे, म्हणजे प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थेचे, कर्ज अहवालात बहुधा दिसतच नाही. ते वेळेवर फेडल्याचा गुण मिळत नाही म्हणून चुकीची तक्रार करता येत नाही. उताऱ्यावरचा बोजा हाही वेगळा विषय: अहवालात खाते बंद झाले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही, आणि बोजा उतरला म्हणून अहवालही सुधारत नाही.

कागदपत्रे

पॅन आणि आधारची प्रत सर्वांना लागते; आधारचे पहिले आठ अंक झाकलेलीच द्या. पुढचे चुकीवर ठरते. फिटलेले कर्ज उघडे दिसत असेल तर ना-देय दाखला, त्यावर खाते क्रमांक आणि बंद झाल्याची तारीख हवीच. ‘यांची बाकी नाही’ एवढ्या एका ओळीचा दाखला वरच्या कार्यालयातून परत येतो. हप्ता भरूनही थकीत दाखवला असेल तर त्या महिन्याचा खातेउतारा, पासबुक आणि कर्जखात्याचे स्टेटमेंट. हप्ता तुमच्या खात्यातून गेला पण कर्जखात्यात दोन दिवसांनी जमा झाला, असे प्रकार या दोन कागदांच्या तारखा शेजारी ठेवल्यावरच उघड होतात. नावाच्या घोळाला मतदार कार्ड आणि ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र जोडा.

कर्ज मुळीच तुमचे नसेल तर संस्थेकडे कर्जाचा अर्ज, केवायसी कागद आणि रक्कम जमा झालेल्या खात्याचा तपशील लेखी मागा. फसवणूक दिसली तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा आणि सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात तक्रार देऊन तिची पोच घ्या. मोबाइल ॲपवरच्या कर्जात अहवालात ॲपचे नाव येत नाही, मागच्या फायनान्स कंपनीचे येते. त्यामुळे अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच फसवणूक समजू नका. आधी आठवून पाहा.

तक्रार नोंदवणे

एकाच दिवशी दोन ठिकाणी नोंदवा. पत माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून तक्रार विभागात खाते निवडायचे, कारण निवडायचे (खाते माझे नाही, खाते दोनदा आहे, किंवा तपशील चुकीचा आहे) आणि योग्य आकडा भरायचा. प्रत्येक चुकीच्या रकान्याची स्वतंत्र निवड करा. फक्त शिल्लक बदलून घेतली तर डीपीडी तसाच राहतो. मिळणारा तक्रार क्रमांक जपून ठेवा.

दुसरा अर्ज बँकेच्या शाखेत, त्याचीच प्रत बँकेच्या तक्रार निवारण ईमेलवर. शाखेत मराठी किंवा कन्नड समजत असले तरी काम बंगळूर-मुंबईच्या कार्यालयात होते, म्हणून अर्ज इंग्रजीत दिला तर लवकर सरकतो. त्यात खाते क्रमांक, अहवालाचा कंट्रोल नंबर, चुकीची नोंद, बरोबर नोंद आणि ‘सुधारित माहिती चारही कंपन्यांना पाठवावी’ हे वाक्य असू द्या. बँकांना चौघींचे सभासदत्व बंधनकारक आहे, त्यामुळे ही मागणी रास्त आहे. शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

३० दिवस आणि भरपाई

पहिली तक्रार नोंदवल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेला सुधारित माहिती पाठवण्यासाठी. मुदत टळली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. २१ दिवस बँकेने चुकवले तर बँक देते, बँकेने वेळेत पाठवूनही कंपनीने रखडवले तर कंपनी. तक्रार मिटल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात यायला हवी, म्हणून अर्जातच खाते क्रमांक किंवा यूपीआय लिहा. गुण कमी का, या वादाला ही भरपाई नाही. उत्तर नकाराचे असेल तर कारण देणे बँकेवर बंधनकारक आहे. नुसते ‘माहिती बरोबर आहे’ आले तर कारण लेखी मागा.

तीच तक्रार दर आठवड्याला नव्याने टाकू नका. दिवस पहिल्या तारखेपासून मोजायचे असतात, आणि चार क्रमांक झाले की कोणता खरा यावरच वाद होतो.

लोकपाल

३० दिवस उलटूनही उत्तर नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पत माहिती कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून या योजनेत आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर मोफत करता येते. कागदावर करायची तर चंदीगडच्या केंद्रात टपालाने पाठवा, मराठीत लिहिली तरी चालते. माहितीसाठी १४४४८ या क्रमांकावर फोन करा. तक्रार वकिलामार्फत घेतली जात नाही, स्वतः करा किंवा वकील नसलेला प्रतिनिधी नेमा. बँकेची पोच जोडली नसेल तर ‘आधी बँकेकडे जा’ म्हणून अर्ज परत येतो. पतसंस्था आणि सौहार्द संस्था लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार निबंधकांकडे.

पाच-दहा हजार घेऊन ‘सिबिल क्लीन’ करून देणारे एजंट वरचीच मोफत तक्रार तुमच्या नावाने टाकतात. त्यांना ओटीपी दिला की पॅन, आधार आणि सगळा अहवाल त्यांच्या हाती जातो. खरी थकबाकी पुसण्याची सोय त्यांच्याकडेही नाही.

निकालाचा संदेश आल्यावर नवा अहवाल उतरवून तोच रकाना पाहा, मग उरलेल्या तीन कंपन्यांचा. गुण त्याच दिवशी वाढेल असे नाही. नव्या कर्जाचा अर्ज सुधारित नोंद डोळ्यांनी पाहिल्यावरच द्या.