लहान लेकरांना घेऊन जेवायला येताय? आधी हे वाचा

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालेल्या बऱ्याच गाड्या घाट चढण्याआधी आमच्या भोजनालयात थांबतात. गाडीत लहान लेकरू असेल तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे.

बसल्या बसल्या आधी लेकराचं सांगा. झुणका, भाकर, पाटोडीचा रस्सा आम्ही ऑर्डर आल्यावर करायला घेतो, त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. भुकेलं लेकरू तेवढं थांबत नाही, आणि थांबावं अशी अपेक्षाही नाही. साधं वरण, मऊ भात आणि मुगाची खिचडी दुपारी व रात्री तयारच असते, ती पाच मिनिटांत ताटात येते. लेकरू आधी जेवलं की तुमचंही जेवण नीट होतं. दोन वर्षांखालच्या लेकराच्या वरण-भाताचे पैसे आम्ही घेत नाही.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूधच पुरतं, वरचं पाणीही लागत नाही. त्यानंतर वर्षाचं होईपर्यंत मीठ-साखर न घातलेलं द्यावं. म्हणून फोडणी आणि मीठ पडण्याआधीचं वरण आम्ही वेगळं काढून ठेवतो. मागा, घोटून देऊ. मागच्या बाजूला पडदा लावलेली खोली आणि खाट आहे. आईनं तिथं निवांत बाळाला पाजावं. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तशीच ही सोय समजा. लंगोट किंवा डायपरही तिथंच बदला, जेवणाच्या टेबलावर नको.

सावजी रस्सा कमी तिखट करून मिळेल का, असं रोज कोणीतरी विचारतं. नाही मिळत. तिखट वाटणातच असतं आणि तर्रीत उतरतं. मटणाचा तुकडा पाण्यात धुऊन लेकराला भरवू नका, तेलात मुरलेलं तिखट धुतल्यानं जात नाही. त्यापेक्षा पोळी-दूध किंवा आलूची साधी भाजी सांगा. शेंगदाणा सोसत नसेल तर ऑर्डर देतानाच बोला, कारण चटणीत आणि भरल्या वांग्यात कूट असतो.

घाटाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त त्रास तिथंच होतो. वळणं सुरू झाली की लेकरांना मळमळतं, दोन वर्षांपुढच्यांना तर जास्तच. चढायच्या आधी तळलेलं आणि पोटभर खाऊ घालू नका. थोडी खिचडी किंवा पोळी द्या, जरा वेळ इथंच बसा, मग निघा. गाडीत मोबाइल देऊ नका. मान खाली घालून पडद्याकडे पाहिलं की मळमळ वाढते. काच थोडी उघडी ठेवा, समोर पाहायला सांगा. भरपेट जेवण उतरताना करा, आम्ही रात्री दहापर्यंत उघडे असतो.

वर चिखलदऱ्याला मेळघाटचा मध मिळतो. घ्या, चांगला असतो. पण वर्षाखालच्या बाळाला बोटभरसुद्धा चाटवू नका. मधात क्वचित असे जंतू असतात की त्यांचं विष बाळाच्या आतड्यात तयार होतं आणि अंग लुळं पडतं. घरी जन्मघुटीत मध घालायची रीत असेल तरीही थांबा.

फुटाणे, अख्खे शेंगदाणे, सुपारी चार-पाच वर्षांपर्यंतच्या लेकराच्या हाती नको. आम्ही बडीशेपेची वाटी त्यासाठीच काउंटरवर ठेवतो. घास अडकला आणि लेकरू खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर तोंडात बोट घालून चाचपू नका, अडकलेलं आणखी आत जातं. वर्षाखालच्या बाळाला डोकं खाली ठेवून हातावर पालथं धरा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच थापा मारा. मोठ्या लेकराला पुढं वाकवून तशाच थापा द्या. आम्हाला हाक मारा, १०८ ला फोन लावा.

उन्हाळ्यात कूलर चालू असतात. आमच्या कूलरला अर्थिंग केलेलं आहे, तरी लेकराला कूलरला हात लावू देऊ नका, त्यातल्या पाण्यात खेळू देऊ नका. कूलरचा करंट लागून दर उन्हाळ्यात विदर्भात जीव जातात. घरच्या कूलरलाही हेच लागू आहे.

गरम रस्सा टेबलाच्या कडेला ठेवू नका. मांडीवरचं लेकरू पहिल्यांदा तिथंच हात घालतं. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली साधं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नका. वाढपी गरम वरणाची बादली घेऊन फिरत असतात, म्हणून टेबलांमध्ये पळापळ नको. मागं कडुलिंबाखाली मोकळी जागा आहे. पुढच्या बाजूला मात्र थेट रस्ता आहे, तिकडं हात धरूनच न्या.

पिण्यासाठी उकळून गार केलेलं पाणी वेगळ्या माठात आहे. बाटली उकळायला गरम पाणी मागा, पैसे नाहीत.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी फार गर्दी होते. निघताना फोन केलात तर खाट आणि खिचडी राखून ठेवू.