विमानाचे आपत्कालीन अवतरण

उड्डाण सुरू असताना इंजिन बंद पडणे, आग लागणे, इंधन संपत येणे, हायड्रॉलिक यंत्रणा (द्रवाच्या दाबावर चाके, ब्रेक इत्यादी हलवणारी) निकामी होणे किंवा एखाद्या प्रवाशाची प्रकृती एकाएकी बिघडणे अशा कारणांमुळे ठरलेला प्रवास सोडून विमान जवळच्या योग्य ठिकाणी उतरवणे, याला आपत्कालीन अवतरण म्हणतात. धावपट्टी गाठणेच शक्य नसल्याने विमान शेतात, रस्त्यावर किंवा पाण्यावर टेकवावे लागले, तर ते सक्तीचे अवतरण होय. पहिल्या प्रकारातील बहुतेक विमाने कोणालाही इजा न होता उतरतात. दुसरा प्रकार विरळा असतो.

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, हा समज चुकीचा आहे. दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावर उडत राहू शकेल असेच बांधलेले असते. दोन्ही बंद पडली, तरी एक किलोमीटर उंची गमावताना ते सुमारे पंधरा ते सतरा किलोमीटर पुढे तरंगत जाते. जळगावच्या माथ्यावर दहा किलोमीटर उंचीवर असलेले जेट विमान, वारा फार विरुद्ध नसेल तर, सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळापर्यंत पोचू शकते. सातपुड्यापलीकडचे इंदूर मात्र आवाक्याबाहेर राहते. जळगावची धावपट्टी थेट खाली असली, तरी तिची लांबी साधारण पावणेदोन किलोमीटर, म्हणजे एटीआर ७२सारख्या पंख्याच्या छोट्या विमानाला पुरेल इतकीच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, विमान अधिक वेगाने जमिनीला टेकते आणि थांबायला जास्त अंतर घेते. म्हणून कोणती धावपट्टी सर्वांत जवळ आहे यापेक्षा कोणती पुरेशी लांब आहे, हा विचार वैमानिकाला आधी करावा लागतो.

संकटात वैमानिकाने आधी विमान ताब्यात ठेवायचे, मग कुठे जायचे ते ठरवायचे आणि त्यानंतरच जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या नियंत्रकाशी बोलायचे, हा क्रम त्याच्या अंगवळणी पाडलेला असतो. गंभीर संकटात तो ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारतो. ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो रूढ झाला. धोका त्याहून कमी असेल, तर ‘पॅन-पॅन’ म्हणतात. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या उपकरणावर, ७७०० हा संकेतांक लावला की नियंत्रकाच्या पडद्यावर ते विमान वेगळे उठून दिसते. मग त्याची वाट मोकळी केली जाते आणि धावपट्टीलगत अग्निशामक बंब उभे राहतात. पुष्कळदा विमान लगेच उतरवत नाहीत, कारण भरल्या टाकीचे वजन उतरताना धोक्याचे ठरते. मोठ्या विमानांपैकी काहींना इंधन हवेत सोडता येते. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० यांना ती सोय नसल्याने घिरट्या घालून ते जाळावे लागते. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेले बोइंग ७३७ हायड्रॉलिक बिघाडामुळे दोन तासांहून अधिक काळ घिरट्या घालून तिरुचिरापल्लीलाच सुखरूप उतरले. खालून पाहणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता, पण ते थांबणे हाच सुरक्षिततेचा भाग होता.

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात किलोग्रॅम आणि पौंड यांच्या गोंधळामुळे एका बोइंग ७६७मध्ये अपुरे इंधन भरले गेले आणि ते ४१,००० फुटांवर संपले. वैमानिकांनी तरंगत नेलेले विमान गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरले आणि सर्व ६९ जण वाचले. भारतात १५ नोव्हेंबर १९९३ रोजी हैदराबादला धुक्यामुळे उतरता न आलेले एअरबस ए३०० इंधन संपत आल्याने तिरुपतीजवळच्या भातशेतात उतरवावे लागले. त्यातही कोणी दगावले नाही. अशा घटनांना चमत्कार म्हणण्याची सवय आपल्याला आहे, पण तसे म्हटले की वैमानिकाचा सिम्युलेटरमधला, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधला, वर्षानुवर्षांचा सराव नजरेआड होतो. प्रवाशांचाही त्यात वाटा असतो. नव्या विमानाला मान्यता देताना निम्म्या दारांतून सर्वांना ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावे लागते, आणि हातात बॅग घेऊन उतरणारा एक प्रवासीही मागच्यांची वाट अडवतो. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या विमानातून सर्व ३७९ जण सामान मागे ठेवून बाहेर पडले.

खानदेशात हा धडा प्रत्यक्ष गिरवला जातो. धुळ्याजवळील गोंदूर, शिरपूरजवळील तांडे आणि जळगाव येथे वैमानिक घडवले जातात. प्रशिक्षक उड्डाणात अचानक इंजिनची शक्ती कमी करतो आणि ‘आता कुठे उतरवशील?’ असे विचारतो. शिकाऊ वैमानिक आधी तरंगण्याचा योग्य वेग साधतो, धुरावरून वाऱ्याची दिशा पाहतो आणि शेत निवडतो. केळीच्या बागा दाट असल्याने टाळायच्या, विजेच्या तारा शोधायच्या, गहू किंवा हरभरा काढलेले मोकळे रान पसंत करायचे. पावसाळ्यात काळ्या जमिनीत चाके रुततात आणि विमान उलटण्याची भीती असते.

सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र अशी मोकळी जागा कमी मिळते. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी गावाजवळ डोंगराळ भागात एक प्रशिक्षण विमान कोसळले. त्यात प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. गाडी जाणार नाही अशा त्या वाटेवर मदतीला प्रथम पोचले ते परिसरातील आदिवासी स्त्री-पुरुष. एका महिलेने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी बांधली गेली आणि त्या झोळीतून जखमी तरुणीला डोंगरातून खाली आणण्यात आले.