समायोज्य टाक्याची तिरळेपणा शस्त्रक्रिया : आसंजन-प्रतिबंध

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू मागे सरकवून टाका पक्का न बांधता, नंतर कमीजास्त करता येईल असा ठेवला, तर तो समायोज्य टाका. अशा डोळ्यात स्नायू अवेळी किंवा नको तिथे चिकटू नये म्हणून घेतलेली काळजी म्हणजे आसंजन-प्रतिबंध. सॅन फ्रान्सिस्कोचे आर्थर जॅम्पोल्स्की यांनी ही टाक्याची पद्धत १९७० च्या दशकात रूढ केली.

भूल उतरली की रुग्णाला उठवून बसवतात, डोळा बधिर करणारे थेंब घालतात आणि समोरच्या एका अक्षराकडे पाहायला सांगतात. अक्षरे दोन दिसत असतील तर सर्जन सुरगाठ सोडून धागा जरासा ओढतो किंवा सैल करतो. दोनाचे एक झाले की गाठ पक्की होते. (धागा ओढताना नाडी मंदावून रुग्णाला घेरी येऊ शकते, म्हणून त्याला सांभाळावे लागते.)

अडचण जखम भरण्यातच आहे. स्नायू नव्या जागी श्वेतपटलाला (डोळ्याच्या पांढऱ्या, चिवट भिंतीला) चिकटायलाच हवा, नाहीतर तो सुटेल; पण गाठ पक्की होण्याआधीच चिकटला तर धागा ओढूनही हलत नाही. म्हणून हे काम सहसा २४ तासांच्या आत उरकतात. डोळ्याची ठेवण मात्र पुढेही काही दिवस बदलत राहते, आणि ही मुदत लांबवण्याच्या प्रयत्नांमागे हेच कारण आहे. स्नायू व श्वेतपटल यांच्यामध्ये सोडियम हायल्युरोनेटची जेल, गर्भावरणाचा पापुद्रा, पेशींची वाढ रोखणारे मायटोमायसिन-सी हे औषध असे उपाय सशांवर व काही प्रमाणात माणसांवर करून पाहिले गेले. परिणाम संमिश्र आहेत. मायटोमायसिनने श्वेतपटल पातळ होण्याची भीतीही असते. यांपैकी कोणताही उपाय सर्रास वापरात नाही.

खरा प्रतिबंध सर्जनच्या हातात आहे. ऊतके कमीत कमी हाताळणे, रक्तस्राव लगेच थांबवणे, डोळ्याच्या गोळ्याभोवतीचे पातळ टेनॉनचे आवरण न फाडणे. बुबुळाच्या कडेपासून सुमारे १० मिमी मागे या आवरणाबाहेर चरबी असते. आवरण फाटून ती आत उतरली, तर स्नायू व श्वेतपटल यांना धरून घट्ट वण तयार होतो आणि डोळा एका बाजूला वळेनासा होतो. अशा वेळी भूल देऊन चिमट्याने डोळा वळवून पाहिला की अटकाव हाताला स्पष्ट जाणवतो. हा वण सोडवला तरी पुन्हा धरतो. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेतली काळजी सर्वांत मोलाची.