भीमगडच्या जंगलातून गाव उठताना: वनहक्काचा दावा आधी, पॅकेजची सही नंतर

कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्यातील तळेवाडीच्या २७ कुटुंबांना स्थलांतरासाठी प्रत्येकी १५ लाख रुपये ठरले, तेव्हापासून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलातल्या इतर गावांतही विचारणा सुरू आहे: आमचं कधी, आणि कागद काय लागतील? कागदांकडे येऊच. पण त्याआधी एक गोष्ट. इथे अर्ज दोन आहेत. एक वनहक्काचा, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा. दुसरा स्थलांतर पॅकेजचा. लोक दुसऱ्याच्या मागे धावतात आणि पहिला तसाच राहतो. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून उठवता येत नाही, असं कायदाच सांगतो. तेव्हा दावा आधी टाका.

वनहक्काचा वैयक्तिक दावा नमुना 'अ' मध्ये, गावाच्या वनहक्क समितीकडे द्यायचा. चराई, मध, पाणवठा असे सामूहिक हक्क नमुना 'ब' मध्ये. तिथून ग्रामसभा, मग प्रांताधिकाऱ्यांची उपविभागीय समिती, शेवटी जिल्हा समिती. ही ग्रामसभा म्हणजे पंचायतीची नेहमीची सभा नव्हे, तुमच्या गावाची, वाडीची सभा. निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. बायकांच्या सह्या नंतर घरोघरी फिरून घेतलेला ठराव वरच्या समितीत टिकत नाही.

आता अडतं कुठे ते. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो, आणि तो १३ डिसेंबर २००५ पासून मागे मोजायचा. म्हणजे १९३० पर्यंत. खिडकीवर विचारतात, "७५ वर्षांपूर्वीचा सातबारा आहे का?" जंगलातल्या गवळ्याकडे तो कुठून असणार? आणि कायदा तो मागतही नाही. ७५ वर्षे वास्तव्याची सिद्ध करायची आहेत, दाव्यातल्या त्याच तुकड्याच्या कब्जाची नाहीत. कब्जासाठी १३ डिसेंबर २००५ ही तारीख पुरे. या दोन गोष्टींची सरमिसळ करून फेटाळलेले दावे पाहिले की डोकं फिरतं.

पुरावे किमान दोन द्यायचे, तेही वेगवेगळ्या प्रकारचे. गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. जुनी विहीर, देवराई, स्मशान, बांध, घराचा चौथरा हेही पुरावेच. फोटो काढा, वनहक्क समितीकडून जागेवर पडताळणी करून घ्या. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने वनखात्याचे नकाशे, सर्वे आणि जनगणनेचे कागद त्या काळचे असतात. त्यात गावाचं नाव सापडलं तर अख्ख्या गावाला उपयोगी पडतं. 'अमुकच कागद आणा' असा आग्रह समितीला धरता येत नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं आहे. दावा भरताना हे वाक्य अर्जातच लिहा. साहेबांना आठवण करून दिलेली बरी.

पॅकेजचं बोलू. १५ लाखांचा आकडा मूळचा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा, व्याघ्र प्रकल्पांसाठीचा. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, व्याघ्र प्रकल्प नाही. म्हणून तुमच्या गावाला कुठला आदेश लागू आहे, त्याची प्रत मागा. 'कुटुंब' कुणाला म्हणायचं ते त्यात असतं. प्राधिकरणाच्या नियमात १८ वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब धरतात. अविवाहित सज्ञान मुलगी, विधवा, घटस्फोटित बाई, अपंग व्यक्ती यांचंही तसंच. वय कुठल्या तारखेला मोजणार ते विचारा. अर्जाच्या दिवशी १८ पूर्ण झाली की झालं, असं धरून चालू नका. घरी जन्मलेल्यांकडे जन्मदाखला नसतो, त्यांनी शाळेचा दाखला काढून ठेवावा. गोव्यात कामाला गेलेल्या पोरांना यादीच्या सर्वेच्या दिवशी गावात बोलवा. नाव एकदा सुटलं की घालून घेताना पायाचे तुकडे पडतात.

नावांची गंमत वेगळीच. आधारवर लक्ष्मीबाई, रेशन कार्डावर लक्ष्मव्वा. बँकेला या दोन बायका वाटतात. दुरुस्ती आधी करून घ्या, पैसे अडकल्यावर नको. बाकी आधार, रेशन कार्ड, पासबुक, फोटो, हे नेहमीचंच.

पॅकेजचं संमतीपत्र कानडीत असतं. वाचता येणाऱ्या माणसाकडून शब्दन् शब्द वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. 'स्वखुशीने' आणि 'यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही' ही दोन वाक्यं कुठे आहेत ते बघा. पैसे किती हप्त्यांत, कुठला हप्ता घर रिकामं केल्यावर, हेही त्यातच लिहून मागा. नुसतं तोंडी आश्वासन नको. "आज सही नाही केली तर नाव कटेल" असं कुणी म्हणालं, तर ते लेखी द्या म्हणावं.

दावा फेटाळला तर कारणासह लेखी कळवणं समितीला बंधनकारक आहे. वरच्या समितीकडे जायला ६० दिवस मिळतात, आणि कायद्यात ते ठरावाच्या किंवा निकालाच्या तारखेपासून मोजलेले आहेत. पत्र घेताना तारीख टाकून सही करा. पत्रच आलं नाही तर कारणांसह प्रत मागणारा अर्ज प्रांत कार्यालयात द्या आणि त्याची पोच शिक्क्यानिशी घ्या.