डावं मागचं सड

पहाटे पाचची धार. करवीर तालुक्यातला चार जनावरांचा गोठा. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकराची गाय वैरण नीट खात होती, ताप नव्हता, कास मऊ होती. डॉक्टरांनी चार खणांच्या ताटलीत चारही सडांचं थोडं थोडं दूध घेतलं, तेवढंच जांभळट द्रावण ओतलं आणि ताटली गोल फिरवली. तीन खणांतलं दूध पाण्यासारखं हललं. डाव्या मागच्या सडाचं मात्र अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं घट्ट होऊन लोंबायला लागलं.

"कास सुजली न्हाई, दुधात गाठी न्हाईत, मग ह्ये कशानं?" काकूंनी विचारलं.

कास दगडासारखी टणक झाली की आपण 'दगडी' म्हणतो. हा त्याचाच लपलेला प्रकार, सुप्त कासदाह. सडाच्या छिद्रातून जंतू आत शिरले की त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेत धावतात. द्रावणातल्या डिटर्जंटने त्या फुटतात आणि आतला चिकट डीएनए दुधाचा बलक करतो. निरोगी कासेच्या एक मिलिलिटर दुधात या पेशी साधारण १ लाखाच्या आत असतात. २ लाखांच्या वर गेल्या की संसर्ग धरून चालावं. युरोपीय संघाने गाईच्या कच्च्या दुधाला ४ लाखांची मर्यादा घातली आहे.

दूध बिघडतं ते आतून. कासेतल्या पेशींची वीण सैल होते. रक्तातलं मीठ दुधात झिरपतं, दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कमी होते. म्हणून असं दूध किंचित खारट लागतं. रक्तातून प्लाझमिन नावाचं विकरही (एन्झाइम) जास्त येतं आणि केसीन हे प्रथिन तोडत बसतं. दह्याची कवडी आणि पनीरचा उतारा केसीनवरच अवलंबून, त्यामुळे दही सैल लागतं, पनीर कमी पडतं. प्लाझमिन पाश्चरीकरणातही टिकतं, त्यामुळे पिशवीतलं दूधही लवकर कडवट होऊ शकतं. दूध संस्थेत फॅट लागली म्हणजे दूध चांगलं, असं म्हणूनच मला म्हणवत नाही. फॅट बरी लागूनही आत हे सगळं चाललेलं असू शकतं.

उकळल्यावर जंतू मरतात, हे खरं. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा कासदाहाचा नेहमीचा जंतू कोमट दुधात वाढला, तर त्याचं विष उकळूनही जात नाही. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाचं प्रेम मलाही आहे, पण तिथलं दूध म्हशीचं असलं तरी कासदाह म्हशीलाही होतो. मी आता उकळलेलंच पितो.

उपचाराचं वेगळंच. सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली की त्यावर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत दूध डेअरीला घालायचं नाही. दुधात उतरलेल्या औषधाच्या अंशाने विरजणातले जंतूही मरतात.

डॉक्टरांनी काकूंना दोन गोष्टी सांगितल्या. अंगठा मुडपून धार काढू नका, सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने काढा. आणि धार झाल्यावर सडाचं छिद्र मिटायला अर्धा तास तरी लागतो, तेवढा वेळ गाईला बसू देऊ नका. काकूंनी चारही सडं आयोडीनच्या कपात बुडवली आणि गव्हाणीत ओल्या वैरणीची पेंढी सोडली. गाय उभीच राहिली.